डुलबाईची चाल

मालकांच्या कारखान्यात सगळ्यांना जागा होती. हे मालक स्वतःच सांगायचे, छातीवर हात ठेवून. त्या कारखान्यात हलत्या चित्रांचे विनोदी सिनेमे बनायचे, जेमतेम सात-आठ मिनिटांचे, मोठ्या सिनेमाआधी लोकांना गरम करायला. त्यातली पात्रं बाहेरच्या खोलीत भिंतीवर ओळीनं टांगलेली असायची आणि पाहुणा आला की मालक त्याला त्या भिंतीपुढे उभा करायचे. एक तोतरा पोस्टमन. एक तिरळा परदेशी, ज्याच्या तोंडून शब्दांऐवजी नुसता चिवचिवाट यायचा. एक ठार बहिरे आजोबा. आणि एक लठ्ठ, काळीकुट्ट धोबीण, ओठ बशीएवढे. "बघा, जगातला एकही प्रकार आम्ही वगळलेला नाही," मालक म्हणायचे. आता हे काही खोटं नव्हतं. दर सिनेमात प्रत्येकाला कढईचा दणका मिळायचा, प्रत्येक जण जिन्यावरून गडगडायचा, आणि डोक्यावर पियानो पडायचा तोही आळीपाळीनं. या बाबतीत मालकांनी कधी पक्षपात केला म्हणून कुणी सांगावं. दणके द्यायचं काम एका करडाकडे होतं. करडाला मात्र कुणी बोटही लावायचं नाही, कारण ते नायक होतं, पांढरंशुभ्र होतं आणि मालकीणबाईंचं लाडकं होतं.

धोबिणीचं नाव डुलबाई. तिला काढायचं काम मौनीकडे होतं. मौनी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बोलायचा कमी म्हणून ते पडलं. कारखान्यात सगळ्यांना वाटायचं, कलावंत माणूस, सदा विचारात गढलेला. कसला विचार आणि कसलं काय! मौनी उतारावरच्या वस्तीत वाढला होता, आणि उतारावरचा माणूस तोंड उघडलं की ओळखू येतो. शब्दाचं शेपूट ओढत नेतात ते लोक, गाठोडं ओढत न्यावं तसं. रंगाच्या बाबतीत मौनीचं नशीब बरं, तो बापावर गेला होता आणि उन्हात रापलाय म्हणून खपून जायचा. जिभेचं काय करणार? म्हणून बिचारा "हो", "नाही" आणि "बघतो" एवढ्या तीन शब्दांवर वर्षानुवर्षं नोकरी करत होता. आणि तेवढ्यावर त्याचं छान चाललं होतं, हे जास्त वाईट.

डुलबाई त्याच्याकडे कशी आली ते ऐका. पहिल्या दिवशी परीक्षा म्हणून विनोदमास्तरांनी त्याला फर्मावलं, "एक जाडी बाई चालवून दाखव. हसू आलं पाहिजे." विनोदमास्तर म्हणजे कोण कुठे कसं आपटणार हे ठरवायचा पगार घेणारा माणूस, घरी स्वतःच्या बायकोपुढे बसायचीसुद्धा त्याची टाप नव्हती. मौनीनं कागद ओढला. हात आपोआप चालू लागला. डावा पाय सरळ पडतो, उजवा पडताना कंबर बाहेर जाते, खांदा वर उसळतो, मान मागे झुकते आणि मग सगळं अंग परत जागेवर येतं. बारा कागद भरले, त्यानं ते अंगठ्याखाली धरून फडफडवले आणि पुन्हा एकदा फडफडवले. कागदावरून त्याची आई चालत येत होती.

हो, आईच. एका लॉजचे कपडे धुवायची ती. ओल्या चादरींचं गाठोडं डोक्यावर घेऊन मागच्या जिन्यावरून घसरली, खुबा मोडला, तो वाकडाच सांधला. तेव्हापासून ती तशी चालते. मौनीला कागद फाडून टाकायचे होते, पण तोवर विनोदमास्तरांनी ते हिसकावले आणि फडफडवत साऱ्या खोलीभर फिरवले. लोक पोट धरून हसले. मुख्य चित्रकार खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. मालक आले, त्यांनी पाहिलं, मौनीची पाठ थोपटली. "कुठून सुचलं हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मौनी म्हणाला, "सुचलं." झालं, नोकरी पक्की.

आता त्या धंद्याची एक रीत आहे. एकदा एखादी चाल जमली की ती पुन्हा काढत नाहीत, तेच कागद खाली ठेवून गिरवतात. म्हणजे एका दुपारी हातून गेलेली ती बारा चित्रं पुढे प्रत्येक सिनेमात आली. शाईच्या खोलीत बसणाऱ्या बायका ती गिरवायच्या. कारखान्यात बायकांना जागा होती ती त्या एका खोलीत, खिडकी नसलेल्या. सगळ्यांना ती चाल तोंडपाठ झाली. चहाच्या वेळेला कुणी ना कुणी ती चालून दाखवायचा, आणि मौनीसुद्धा हसायचा. काय करणार, न हसणारा माणूस लगेच डोळ्यांत येतो. फक्त एक गोष्ट त्याला एकट्यालाच ठाऊक होती. उजवा पाय टेकताना आईच्या तोंडून जिथे "आई गं" निघायचं, थेटरातलं हसू बरोबर तिथेच फुटायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना उतारावरच्या शाळेतल्या मास्तरीणबाई कारखान्यात येऊन थडकल्या. बरोबर वस्तीतले दोघे जण होते, पण ते टोप्या हातात धरून उभे राहिले, बोलल्या त्या बाईच.

"तुमच्या सिनेमात आमच्या वस्तीची एकच बाई असते," त्या म्हणाल्या.

"असते ना!" मालक खूश. "इतर कारखान्यांत तीही नसते."

"आणि ती दर वेळी मार खाते."

"बाई, आमच्याकडे सगळेच मार खातात. समानता आहे."

"करडू खातं का?"

मालक खरोखर बुचकळ्यात पडले. "करडाला कशाला मारायचं? लहान आहे ते!"

"शाळेतली पोरं डुलबाई डुलबाई करत आमच्या बायकांच्या मागं चालतात, साहेब. आमच्याच शाळेतली, आमचीच पोरं. तुम्ही आमच्या बायकांना बघून हे काढता आणि तेच पोरांच्या डोक्यात बसतं."

"छे छे, कुणाला बघून नाही हो. निव्वळ कल्पना! काल्पनिक बाई आहे ती." मालकांच्या आवाजात दुखावल्याचा सूर होता, आणि तो खोटाही नव्हता. स्वतःच्या चांगुलपणावर त्यांचा गाढ विश्वास होता.

पाहुणे गेल्यावर मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. वर्तमानपत्रात बोभाटा होण्याआधी आपणच काहीतरी केलं पाहिजे, असं ठरलं. विनोदमास्तरांनी सुचवलं, धोबिणीला थोडी गोरी करू. शाईच्या खोलीतली एक बाई दारातून म्हणाली की डुलबाईला एकदा तरी पियानो चुकवू द्या, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी मालकांच्याच डोक्यात आलं: सन्मानाचा खेळ ठेवायचा. उतारावरच्या लोकांना फुकट तिकिटं, पहिल्या रांगा त्यांच्या, डुलबाईचे गाजलेले चार सिनेमे एकापाठोपाठ. म्हणजे ज्याच्या पायावर कढई पडली त्याला बोलावून चार कढया दाखवायच्या आणि वर आभार मानून घ्यायचे.

"आपल्यात कुणी उतारावरचं आहे का हो?" मालकांनी खोलीभर नजर फिरवली. "असेल तर चार शब्द बोलेल स्टेजवरून."

कुणी हात वर केला नाही. मौनी पेन्सिलीला टोक काढत बसला.

"नसणारच," विनोदमास्तर म्हणाले. "त्यांच्या हातून रेघ सरळ यायची नाही." सगळे हसले, आणि मौनीनं पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत काढलं.

मुख्य चित्रकार त्या महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची मौनीला द्यायची हे मालकांनी जवळपास ठरवलंच होतं आणि त्याच खेळाच्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करणार होते, हे मौनीच्याही कानावर आलं होतं. आता सांगा, अशा वेळी कोण म्हणेल की साहेब, मी उतारावरचा, आणि तुमची काल्पनिक बाई म्हणजे माझी आई?

रविवारी तो आईकडे गेला. खुबा मोडल्यापासून ती घरी बसून इस्त्रीचं काम करायची. टेबल, स्टूल आणि भिंतीला टेकलेली घड्या केलेल्या चादरींची चळत, एवढ्यातच तिचा दिवस जायचा. मौनी सिनेमाची चित्रं काढतो हे तिला माहीत होतं. काय काढतो, यावर त्यानं करडू असं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे शेजारच्या मावशीला ती उठल्याबसल्या सांगायची की ते करडू माझ्या मुलाचं.

"तिकीट मिळालं मला," आई म्हणाली. इस्त्री बाजूला ठेवून तिनं ते ब्लाऊजमधून काढून दाखवलं. "पहिली रांग! शेजारची मावशीसुद्धा येणार आहे."

"गर्दी असते गं तिथं. पायऱ्या आहेत. तुझा पाय…" घरी मात्र त्याची जीभ मोकळी सुटायची, शेपटासकट.

"लवकर जाऊ. हळूहळू चढेन. जन्मात एकदा तर बघू दे तुझं काम. वस्तीतल्या सगळ्या बघणार आणि मी घरात बसून चादरी बघू?"

"आई, तिथं माझे साहेब असतील."

तिकिटाची घडी पडली होती ती आईनं बोटानं सरळ केली. "मग मी ओळख नाही दाखवणार. मला काय कळत नाही का? तू कुणाचा ते तिथं कुणाला माहीत नाही, माहीत व्हायला नको. नुसतं बघेन नि येईन." आणि वर हसली. मौनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं "येऊ नकोस" म्हणून सांगितलं नाही आणि "तिथं तूच आहेस" हेही सांगितलं नाही. बघतो, म्हणाला. कारखान्यातला तिसरा शब्द त्यानं आईलाही दिला.

खेळाच्या दिवशी आई खरंच सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. कारखान्याचे लोक आत आले तेव्हा ती पहिल्या रांगेत मधोमध, डोक्याला धुतलेलं फडकं बांधून, हात मांडीवर ठेवून बसलेली. ती चालत आत आली ते कुणी पाहिलं नाही, म्हणून मौनीचा जीव भांड्यात पडला. तो बाजूच्या रांगेत विनोदमास्तरांशेजारी बसला. दिवे गेले.

पडद्यावर करडू आलं. आई टाळ्या पिटायला लागली. शेजारच्या मावशीला कोपरानं ढोसून काहीतरी म्हणाली. काय ते मौनीला न ऐकताही कळलं. मग दोरीवरच्या चादरी बाजूला सारत डुलबाई आली. डावा पाय, उजवा पाय, कंबर, खांदा, मान. थेटर हास्यानं फुटलं. उतारावरचे लोकही हसले हो, का हसणार नाहीत? पोरं तर सगळ्यांत जास्त. ज्याला त्याला खात्री होती की ही आपल्या घरची नव्हे, शेजारच्या घरची आहे.

आईच्या टाळ्या थांबल्या होत्या.

"अगं बाई, ही तर अगदी तु…" मावशीनं तोंड उघडलं. आईनं तिच्या मनगटावर असा हात दाबला की मावशीचं वाक्य तिथेच विरलं. पुढचे तीन सिनेमे मौनीनं पडदा पाहिलाच नाही. तो आईकडे बघत होता आणि आई स्वतःच्या गुडघ्यांकडे. लाज, लाज म्हणतात ती काय असते, ते त्याला त्या अंधारात नीट कळलं. दर हशाला ती थोडी आणखी आक्रसायची, इतक्या मोठ्या अंगाची बाई.

दिवे आले. मालक स्टेजवर चढले. विविधतेवर बोलले, माणुसकीवर बोलले, करडावर जरा जास्तच बोलले. मास्तरीणबाई तिसऱ्या रांगेतून उठल्या. "साहेब, पोरं हसली ते मीही पाहिलं. पण ही चाल कुणाची आहे ते सांगा. अशा चालणाऱ्या बायका आमच्या वस्तीत आहेत. ओझी वाहून वाहून झाल्यात तशा."

मालकांना हीच तर संधी हवी होती. "बाई म्हणतात ही उतारावरची चाल! मी म्हणतो कल्पना. करूया निवाडा? तुमच्यातल्याच एखादीनं चालून दाखवावं." त्यांची नजर पहिल्या रांगेत फिरली आणि मधोमध थांबली. अंग तेच, रंग तोच, डोक्याला फडकंसुद्धा तेच. "या ना, बाई! लाजू नका. इथून तिथपर्यंत चालायचं फक्त."

मौनीच्या मागे-पुढे अख्खा कारखाना बसला होता. त्यातल्या प्रत्येकाला ती चाल तोंडपाठ. आई दोन पावलं टाकेल आणि सगळे एकदम ओळखतील. आणि एकदा ओळखलं की कुठून सुचलं हा प्रश्न पुन्हा येणार. त्याला फक्त उभं राहून "नको" म्हणायचं होतं. एक शब्द. तो खुर्चीला चिकटून बसला.

आई उठली. मावशीनं तिला हात धरून स्टेजच्या दोन पायऱ्या चढवलं, म्हणून तेवढं निभावलं. वर गेल्यावर तिनं एकदाच बाजूच्या रांगेकडे पाहिलं. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. मग ती चालू लागली.

सरळ. काठीसारखी सरळ. डावा पाय, उजवा पाय. कंबर जागची हलली नाही, खांदा उसळला नाही. वाकडा सांधलेला खुबा ती कसा काय सरळ ठेवत होती ते तिचं तिला ठाऊक. चेहरा दगड झाला होता आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती एखाद्या मोठ्या घरच्या बाईसारखी चालत गेली. कुणीही हसलं नाही.

"जमलं नाही हो बाई," मालक आनंदानं ओरडले.

"नाही जमत," आई म्हणाली.

"पाहिलंत?" मालकांनी मास्तरीणबाईंकडे दोन्ही हात पसरले. "खुद्द उतारावरची बाई, आणि तिलाही येत नाही! आता तरी पटलं? आमच्या चित्रकाराच्या डोक्यातून निघालेली चाल आहे ही, शंभर टक्के. मौनी, उभे राहा! मंडळी, हे आमचे आजपासूनचे मुख्य चित्रकार!"

मास्तरीणबाई आईकडे टक लावून बघत होत्या, मग त्या खाली बसल्या. पुराव्यापुढे काय बोलणार? मौनी उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला, विनोदमास्तरांनी शिटी मारली. मौनीनं वाकून नमस्कार केला. हो, केला. पाय थरथरत होते म्हणून वाकला असं पुढे त्यानं स्वतःला सांगितलं असेल, पण लोकांना दिसला तो नमस्कारच.

खेळ संपल्यावर कारखान्याची सगळी मंडळी थेटरच्या दारात घोळका करून उभी राहिली. मालकांचा हात मौनीच्या खांद्यावर. बाहेरच्या पायऱ्या उतरून लोक चालले होते. आई आली. मावशीचा खांदा धरला तर तोल जाईल आणि कंबर हलेल, म्हणून तिनं तो धरला नव्हता. एवढे सगळे बघत असताना ती तशीच, सरळ, एक-एक पायरी उतरत होती. कठड्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती. मौनीपासून ती हातभर अंतरावर आली तेव्हा त्याला तिचा श्वास ऐकू आला. आत कुठेतरी दाबून धरलेलं "आई गं" त्या श्वासात होतं. त्याचा हात नकळत पुढे गेला.

मालकांनी ते पाहिलं. "का हो? ओळखीची आहे की काय?"

इथे दुसरा कुणी असता तर बोलला असता. निदान असं आपल्याला वाटतं, कारण आपण दुसरे असतो. मौनीनं हात मागे घेतला.

"नाही," तो म्हणाला.

आईनं ते ऐकलं. बरोबर बोललास, म्हणावं तशी तिनं हलकेच मान डोलावली आणि उजवा पाय खालच्या पायरीवर ठेवला, सरळ.